डाव्या हाताची सही

मार्चअखेरीस डोंगग्वानमध्ये असे दिवस येतात की भिंतींना घाम फुटतो, आरसे आंधळे होतात आणि वाळत घातलेले मोजे चार दिवसांनीही हाताला ओलेच लागतात. छपाईच्या कारखान्यांना हे दिवस मुळीच सोसत नाहीत. कागद हवेतलं पाणी पितो, फुगतो, आणि चार रंग एकमेकांवर नीट बसेनासे होतात. त्यामुळे त्या सकाळी लानताई कारखान्यात आल्या त्या कागदाच्याच काळजीत होत्या. माणसांबद्दल त्यांच्या मनात तोवर काही नव्हतं.

त्यांचं पूर्ण नाव ओंग स्यू-लान. मूळच्या पेनांगच्या, वय छप्पन्न, आणि त्यातली एकोणीस वर्षं इथं, या कारखान्यांच्या पट्ट्यात गेलेली. डेन्मार्कमधला एक प्रकाशक आपली सगळी चित्रांची पुस्तकं इकडे छापून घेई, आणि मशीनजवळ उभं राहून त्या पुस्तकांचे रंग पास करणं हे लानताईंचं काम. प्रत्येक फर्म्याचे, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाचे, पहिले कागद त्यांच्यासमोर उजेडाच्या टेबलावर पसरले जात. त्या बघत, जवळून बघत, लांब जाऊन बघत, आणि म्हणत, "लाल जरा चढवा," किंवा, "पिवळा कमी करा." मनासारखं झालं की कागदाच्या कडेला सही करत. तो सहीचा कागद मशीनशेजारच्या फळ्यावर लागे, आणि पुढचे सगळे कागद त्याच्याशी ताडून निघत. रंगाच्या बाबतीत त्यांचा डोळा पट्ट्यात नावाजलेला होता. हातात धरून शाई मोजायचं यंत्र निघालं, सगळीकडे पसरलं, तरी त्या त्याला हात लावत नसत. माझ्या डोळ्याला बॅटरी लागत नाही, म्हणत.

या वेळचं पुस्तक समुद्रातल्या शिंपल्यांचं होतं. जाड, बिनचकाकीच्या कागदावर, चौदा फर्मे. पहिले चार आदल्या दिवशी झाले होते. पाचवा त्यांनी सकाळी पास केला, आणि नेहमीप्रमाणे यानलिंग त्यांना चहाला घेऊन गेली. औ यानलिंग म्हणजे परदेशी कामं सांभाळणारी कारखान्यातली पोरगी, वय बत्तीस. गेली सहा वर्षं ती लानताईंना मावशी म्हणत होती, त्यांना गाडीनं आणत-सोडत होती, सर्दी झाली तर कडू काढ्याची बाटली आणून देत होती.

चहा झाला. तांदळाच्या वाफवलेल्या गुंडाळ्या अर्ध्या खाऊन झाल्या, आणि लानताईंना आठवलं की चष्मा मशीनजवळ राहिलाय. त्या एकट्याच परत गेल्या. मशीन भरात होतं. चष्मा टेबलावरच सापडला. तो डोळ्यांवर चढवता चढवता त्यांचं फळ्याकडे लक्ष गेलं आणि त्या थबकल्या.

फळ्यावर पाचव्या फर्म्याचा कागद होता. त्यावर त्यांची सही होती, वेळ होती, सगळं होतं. फक्त सही स्वच्छ होती.

लानताई डावखुऱ्या होत्या. शाळेत बाईंनी छड्या मारून त्यांना उजव्या हातानं जेवायला लावलं, लिहायला लावलं, पण सही मात्र त्यांनी डाव्या हाताकडेच ठेवली. आणि ओल्या छपाईवर डाव्या हातानं सही करायची म्हणजे हाताची कड शाईवरून फिरतेच. एकोणीस वर्षांत त्यांचा एकही सहीचा कागद असा नव्हता की ज्यावर सहीशेजारी शाईचा फराटा नाही. मशीनवाले त्याला 'ताईंची शेपटी' म्हणत.

या कागदाला शेपटी नव्हती.

त्यांनी तळहाताची कड बघितली. ती निळी-काळी झालेली होती. म्हणजे सकाळी शाई पुसली गेली होती. पण ती या कागदावरची नव्हे.

मशीनमागून गान मास्तर आले. गान बिंगशौ, पंचवीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला ग्वांगशीचा माणूस, कमी बोलणारा. ताईंना बघून त्यांनी उगीचच फडका उचलला आणि काहीच सांडलेलं नसलेली जागा पुसली.

"चष्मा राहिला होता," लानताई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

सही केलेली एक प्रत त्या नेहमी स्वतःकडे ठेवत, पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून. घरी येऊन त्यांनी पाचही फर्मे जमिनीवर पसरले. पाचांवर शेपटी होती. दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी त्यांनी फळ्यामागच्या खणातले जुने सहीचे कागद सहज चाळल्यासारखे चाळले. पाचांपैकी तीन स्वच्छ.

त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. या पट्ट्यात वावरताना त्यांनी बरंच पाहिलेलं होतं. कागद बदलणारे पाहिले होते, पुस्तकाच्या हजारभर प्रती जास्त छापून मागच्या दारानं काढणारे पाहिले होते. पण जिथं सहा वर्षं जेवलो, नवीन वर्षाला ज्यांच्या पोरांना पैशांची लाल पाकिटं दिली, तिथं असं होईल हे त्यांच्या मनाला येत नव्हतं. मनाला येत नव्हतं, आणि डोक्यातून जातही नव्हतं.

कागदाची जाडी मोजायचं छोटं उपकरण त्यांनी पर्समध्ये टाकलं, आणि प्रसाधनगृहाला जायच्या निमित्तानं गठ्ठ्यांमधून तीन वेगवेगळे कागद मोजले. जाडी बरोबर. मग छापून झालेले गठ्ठे मोजले, एकदा जाताना आणि एकदा येताना. तेही बरोबर. चोरी सापडली नाही म्हणून हायसं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. चोर सापडत नाही म्हणजे तो आपल्यापेक्षा हुशार आहे, असंच त्यांना वाटत राहिलं.

आणि एकदा बघायला लागल्यावर सगळंच दिसू लागलं. त्या फाटकातून आत शिरल्या की पहारेकरी फोन उचलतो. मशीनजवळ गेल्या की मदतनिसांचं बोलणं तुटतं. गान मास्तर त्या कागद बघत असताना त्यांच्याकडे बघतात, कागदाकडे नाही. सगळ्यात वाईट म्हणजे यानलिंग. सहीचं पेन खाली ठेवलं की दुसऱ्या क्षणी ती हजर. "चला मावशी, चहा थंड होईल." सहा वर्षं लानताईंना ही माया वाटत होती. आता त्यांनी आठवून पाहिलं, तेव्हा सही झाल्यावर आपण पाच मिनिटंसुद्धा मशीनजवळ थांबल्याचा एकही दिवस त्यांना आठवेना. पोरीनं दर वेळी हाताला धरून बाहेर नेलं होतं.

सातवा फर्मा पास केल्यावर त्यांनी जाहीर केलं की मावसबहीण ग्वांगझोउला आली आहे, आज दिवसभर मी तिकडे. यानलिंगनं गाडी दिली, संत्र्यांची पिशवी दिली, हात हलवला. बाजाराच्या कोपऱ्यावर लानताईंनी ड्रायव्हरला सोडलं, म्हणाल्या, पुढं बसनं जाईन. तो दिसेनासा झाल्यावर त्यांनी तीनचाकी मोटार केली आणि कारखान्याच्या मागच्या फाटकाशी उतरल्या. तिथं कागदाचे ट्रक येतात. माल उतरवण्याच्या गडबडीत संत्र्यांची पिशवी घेऊन आत शिरणाऱ्या बाईकडे कुणी बघितलं नाही.

मशीनच्या दालनात कोऱ्या कागदाचे गठ्ठे छातीभर उंच लागलेले असतात. त्यांच्या आड त्या वाकून उभ्या राहिल्या. छप्पन्नाव्या वर्षी आपण चोरासारख्या लपलो आहोत याची त्यांना लाज वाटली, पण पाय हलले नाहीत.

गान मास्तरांनी त्यांचा सहीचा कागद टेबलावर पसरला होता. त्यांनी हातातलं यंत्र कडेच्या रंगपट्टीवर ठेवलं, आकडा वाचला, मान हलवली. मग मशीनच्या पटलाजवळ जाऊन एक कळ थोडी, आणखी थोडी चढवली. दोन-तीनशे कागद गेले. एक काढला, मोजला, ठीक आहे म्हणून टेबलावर ठेवला. तेवढ्यात यानलिंग आली. खुर्ची ओढली, लानताईंचा कागद समोर ठेवला, आणि दातांत जीभ धरून, अभ्यास करणाऱ्या मुलीसारखी, नव्या कागदाच्या कडेला सही करू लागली. उजव्या हातानं.

लानताई गठ्ठ्यामागून बाहेर आल्या.

आधी मास्तरांनी पाहिलं. त्यांनी मशीन थांबवलं. तासाला बारा हजार कागद ओढणारं ते धूड धापा टाकत हळूहळू गप्प झालं. यानलिंगनं मान वर केली आणि तिचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला.

"कधीपासून?" लानताईंनी विचारलं.

"दोन वर्षं," यानलिंग म्हणाली.

"तीन," मास्तर म्हणाले.

"आणि विकताय काय? जास्तीच्या प्रती? की शाईत काही मिसळताय? मी सगळं मोजलं, मला सापडलं नाही. तुम्हीच सांगून टाका म्हणजे मॅनेजरला फोन करताना माझी चूक व्हायला नको."

यानलिंग रडू लागली. मास्तर रडणाऱ्यांतले नव्हते. ते खणाकडे गेले आणि सहा कागद घेऊन आले. सगळ्यांवर एकच चित्र होतं, एक पसरट, करड्या रंगाचा शिंपला.

"फोन करा, ताई. मी अडवत नाही," ते म्हणाले. "पण आधी हे लावून दाखवा. सहांत पिवळी शाई वेगवेगळी आहे. सगळ्यात कमी डावीकडे, सगळ्यात जास्त उजवीकडे."

"माझी परीक्षा घेताय?"

"हो."

लानताईंनी कागद हिसकावून घेतले. उजेडाच्या टेबलावर मांडले, हलवले, पुन्हा हलवले. त्यांना सहाही जवळजवळ सारखेच दिसत होते. शेवटी अंदाजानं रांग लावली. मास्तरांनी एकेकावर यंत्र ठेवून आकडा मोठ्यानं वाचला. रांग अशी विस्कटलेली होती की एखाद्यानं डोळे मिटून लावली असती तरी बरी लागली असती.

त्यांना वाटलं, आकडे खोटे वाचतोय. त्यांनी यंत्र स्वतःच्या हातात घेतलं, जन्मात पहिल्यांदा. मागं स्वतः खुणा केल्या, कागद पिसले, पुन्हा लावले. पुन्हा रांग चुकली. मग त्या म्हणाल्या, दिवे जुने झालेत. मास्तरांनी कागद उचलले आणि ट्रकच्या फाटकाशी, उघड्या उजेडात, पुठ्ठ्याच्या खोक्यांवर मांडले. तिथं माल उतरवणारा एक हमाल उभा होता. त्यानं ते सहा कागद लावले, आणि सहाही बरोबर लावले.

लानताई खोक्यावर बसल्या. पिशवीतली संत्री एकेक करून घरंगळत गेली आणि हमालानं ती गोळा करून परत आणून दिली.

"मला सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या.

"सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी, झाडांच्या पुस्तकाच्या वेळी. मी म्हणालो, ताई, पिवळा फार उतरलाय, पानं निळी दिसताहेत. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, मास्तर, डोळा कुणाचा नावाजलेला, माझा की तुमचा? मग मी गप्प बसलो. तुम्ही गेल्यावर पिवळा चढवला. पुस्तक चांगलं झालं. तुम्हीच मला मिठाईचा डबा पाठवलात."

यानलिंगनं नाक पुसलं. "मावशी, तुमचं नाव खराब व्हायला नको म्हणून केलं आम्ही."

"फक्त माझ्या नावासाठी?"

ती खरं बोलली, आणि त्याबद्दल लानताईंनी पुढं तिला मनातल्या मनात गुण दिले. "नाही. डेन्मार्कवाले तुमच्यामुळे इथं येतात. तुम्हाला काढलं तर नवा माणूस काम दुसऱ्या कारखान्यात नेईल. आमच्या चाळीस माणसांचं काम आहे ते."

फोन त्या दिवशी कुणालाच गेला नाही. उरलेले सात फर्मे लानताईंनी यंत्रावर आकडे बघत, मास्तरांना विचारत पास केले. यानलिंगशी मात्र त्या कामापुरतंच बोलत होत्या. सही खोटी करणारा हात आपल्या सर्दीला काढा आणत होता, या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकत्र नांदत नव्हत्या.

काम संपल्यावर त्या डोळे दाखवायला गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. जुना, पिकत आलेला, पिवळा. म्हणाले, तुम्ही चार-पाच वर्षं पिवळ्या काचेतून जग बघताय. जिकडे तिकडे पिवळं, मग पिवळी शाई वेगळी कशी कळणार? लानताईंनी आधी उजवा डोळा करून घेतला. पट्टी निघाली तेव्हा नर्सचा पांढरा झगा त्यांना निळसर दिसला. घरी आल्यावर त्यांनी डावा डोळा झाकला, मग उजवा झाकला, मग पुन्हा डावा. तीच भिंत एकाला स्वच्छ आणि दुसऱ्याला चहा सांडल्यासारखी दिसत होती.

मग त्यांनी कपाट उघडलं. गेल्या पाच वर्षांची सगळी पुस्तकं काढली आणि उजव्या डोळ्यानं एकेक पान बघितलं. डोंगग्वानला छापलेली नीट होती. गान मास्तरांनी एकदाच आगाऊपणा केला होता. एका स्वयंपाकाच्या पुस्तकात तळलेल्या माशांना स्वतःच्या गावी आवडतो तसा खरपूस सोनेरी रंग चढवला होता. लानताईंना हसू आलं.

ते हसू फार टिकलं नाही. खालच्या कप्प्यात दोन पुस्तकं निघाली ती हुइझोउच्या दुसऱ्या एका कारखान्यातली. तिथं ना गान मास्तर होते ना यानलिंग. मुलांसाठी बागेची गोष्ट होती, आणि तिच्यातली मुलं आजारी दिसत होती, गाल जांभळट, गवत शेवाळी निळं. प्रकाशकाकडून तेव्हा एक तक्रार आली होती. लानताईंना ती आठवली. तक्रारीला त्यांनी उत्तर लिहिलं होतं की मशीनवरच्या माणसानं माझ्या माघारी रंग बदलले. त्यांना तसं खरंच वाटलं होतं. त्या माणसानं मशीनजवळ त्यांच्याशी वाद घातला होता, पिवळा आणखी उतरवायला नको म्हणून हट्ट धरला होता, म्हणून त्या सगळ्या कारखान्यासमोर त्याला ओरडल्या होत्या आणि त्यांचा त्याच्यावरच संशय बसला होता. त्याचं नाव पू छांगग्वे. त्याला मशीनवरून काढून बांधणी खात्यात घड्या घालायला बसवलं, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. तेव्हा त्यांना ते योग्यच वाटलं होतं.

चार दिवसांनी त्या हुइझोउला गेल्या. गाडी यानलिंगनं चालवली. तिला कारण सांगावं लागलं. त्यामुळे त्या दोघींमधला अबोला वाटेतच संपला, आणि मावशी हा शब्द परत गाडीत आला.

पू छांगग्वे घडीच्या मशीनवर होता. पन्नाशीचा, खांदे उतरलेले. त्यानं ताईंना ओळखलं, पण हात थांबवला नाही. मशीनच्या खडखडाटात लानताईंनी सांगितलं: डोळ्यांचं, डॉक्टरांचं, त्या पुस्तकाचं. तो कागदाचे गठ्ठे ठोकून सारखे करत ऐकत होता.

"कुठला डोळा झाला?" त्यानं विचारलं.

"उजवा. डावा पुढच्या महिन्यात."

"म्हणजे आज अर्धाच दिसतोय मी तुम्हाला."

त्या म्हणाल्या की मी मॅनेजरला भेटून आलेय, लेखी दिलंय, ते तुम्हाला परत मशीनवर घ्यायला तयार आहेत.

"मॅनेजरला सांगितलंत," पू म्हणाला. "मॅनेजरसमोर कुठं मला ओरडला होतात तुम्ही? ओरडलात ती या सगळ्यांसमोर. तीन वर्षं मी यांच्याबरोबर डबा खातोय. यांना वाटतं, मी रंग बिघडवणारा माणूस आहे."

त्यानं हात लांब करून घडीचं मशीन बंद केलं. शेजारच्याला खूण केली, त्यानं शिलाईचं बंद केलं. एकेक करत त्या लांबलचक खोलीतली सगळी यंत्रं थांबली आणि चाळीसेक माणसं मान वर करून बघू लागली. यानलिंग दारात उभी होती. तिनं लानताईंच्या बाजूला येऊन उभं राहण्यासाठी एक पाऊल टाकलं. लानताईंनी हातानंच नको म्हटलं.

लानताई म्हणाल्या, "बागेच्या गोष्टीचं पुस्तक मी बिघडवलं. मला पिवळा दिसत नव्हता. या माणसाला दिसत होता. त्यानं मला तीनदा सांगितलं, आणि मी त्याच्यावर आळ घेतला."

मागच्या बाजूची एक बाई पलीकडचीला हळूच म्हणाली, "मी म्हणत नव्हते?" पूनं मान डोलावली, जणू एखादा कागद पास केला, आणि मशीन सुरू केलं. मशीनवर परत जायचं का, याचं उत्तर त्यानं त्या दिवशी दिलं नाही. दीड महिन्यानं यानलिंगला कुणाकडून तरी कळलं की तो छपाईकडे परत गेला, पण रंगाच्या मशीनवर नाही, नव्या मुलांना शिकवायला.

डेन्मार्कच्या प्रकाशकाला लानताईंनी सगळं लिहिलं, सह्यांचंसुद्धा, फक्त यानलिंगचं नाव गाळून. उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्यांना ठेवलं गेलं. पण यापुढं प्रत्येक कागदावर ताईंची आणि मशीनवाल्याची अशा दोन सह्या असाव्यात आणि आकडे जोडलेले असावेत, असं ठरलं. शिंपल्यांच्या पुस्तकाबद्दल एक ओळ होती, रंग उत्तम आलेत म्हणून. लानताईंनी ती गान मास्तरांना वाचून दाखवली. मास्तर म्हणाले, माशांना सोनेरी रंग दिला तेव्हाही असंच लिहायला हवं होतं त्यांनी, आणि नवा फर्मा चढवायला निघून गेले.